‘आपण’, ‘आम्ही’ आणि अनुचराची निष्ठा

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या मुखाने बोलतो. उरलेले सर्व जग सूत्रधाराच्या वाणीने बोलते. अनुचर या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. तो खेळाडूंच्या पक्षाचा, परंतु त्याची वाणी बहुधा सूत्रधाराची. यातून दोन दोष संभवतात. अनुचर फार बोलू लागला, तर सूत्रधार स्वतःशीच संवाद करतो व खेळाडू केवळ श्रोते उरतात. तो मुळीच बोलला नाही, तर ओझे वाहण्याचे साधन ठरतो.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने संख्येवर मर्यादा घातली. पात्राचा प्रभावगुण १० ते १२ असल्यास ४ अनुचर, १८ असल्यास १२. याच खेळाच्या २०२० च्या एका नियमग्रंथात योद्धा, तज्ज्ञ व मंत्रवेत्ता असे सोबत्यांचे ३ सुटसुटीत वर्ग आले. अशा तरतुदींनी सूत्रधाराचा भार हलका होतो. अनुचराने बोलावे कसे, हा प्रश्न मात्र उरतोच.

येथे मराठीची एक व्याकरणिक सोय उपयोगी पडते. प्रथमपुरुषी अनेकवचनात ‘आपण’ श्रोत्यास सामावून घेते, ‘आम्ही’ त्यास वगळते. सोलापुरात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या तेलुगूतही ‘मनमु’ व ‘मेमु’ असा हाच भेद आहे. इंग्रजीत किंवा हिंदीत तो नाही.

उदाहरणादाखल असा प्रसंग कल्पावा: आषाढात करकंबहून पंढरपुरास निघालेल्या पात्रांबरोबर मजुरीवर घेतलेले दोन हमाल आहेत. सकाळी त्यांतील एक म्हणतो, “आपण सांजेपर्यंत पोचू.” वाटेत त्यांना शिदोरीतला वाटा मिळत नाही. पुढे भीमेला पूर आलेला दिसताच तोच म्हणतो, “आम्ही इथंच थांबतो.” फासे पडले नाहीत, गुणांक उच्चारला गेला नाही, तरीही निष्ठा ढळल्याचे मराठी खेळाडूस तत्क्षणी उमगते. शिवाय हे वाक्य निर्णय देत नाही. ते खेळाडूस बोलणे भाग पाडते. वाटा द्यावा, मजुरी वाढवावी, की एकट्यानेच नदी ओलांडावी?

तमाशातील गवळणीत कृष्णाजवळचा पेंद्याही याच जातीचा. तो विचारतो, अडवतो, हसवतो. प्रसंगाचे नायकत्व मात्र कृष्णाकडेच राहते.

यावरून सूत्रधारास दोन पथ्ये सांगता येतात. अनुचराचे वाक्य आखूड असावे आणि त्याने बोलण्याची पाळी खेळाडूकडे परत द्यावी. तसेच ‘आपण’चे ‘आम्ही’ सकारणच व्हावे. ते कारण खेळाडूंच्या वर्तनात आधी घडलेले असावे. असे झाले, तर अनुचर सूत्रधाराचे बाहुले न राहता, ज्याला गमावता येते असा माणूस होतो.