सर्व्हर तुमचा, संमती ग्राहकाची

उल्हासनगर कॅम्प ५ मधला जीन्सचा व्यापारी स्वतःची वेबसाइट काढतो, तेव्हा त्याच्या कानावर एक सल्ला हमखास पडतो: ‘सर्व्हर-साइड टॅगिंग करून घ्या, मग कुकीची परवानगी विचारायलाच नको.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे.

सर्व्हर-साइड टॅगिंगमध्ये ग्राहकाच्या ब्राउझरमधली माहिती थेट गूगल किंवा मेटाकडे न जाता आधी तुमच्या ताब्यातल्या सर्व्हरवर येते आणि तिथून पुढे जाते. वाट बदलते, माहिती तीच राहते. उलट काय पुढे पाठवायचं हे आता तुम्हीच ठरवता, त्यामुळे जबाबदारीही वाढते. फोन नंबर हॅश करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, पाठवला म्हणजे तो निनावी झाला, हेही खरं नाही. मेटा त्याच हॅशवरून आपल्याकडचं खातं जुळवतं.

‘संमतीचे हे नियम युरोपचे, आपल्याकडे कुठं?’ असंही म्हणतात. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कायद्यात ‘कुकी’ हा शब्द नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर ती माहिती वैयक्तिक डेटाच. संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही. संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. त्यात मराठी आहे आणि सिंधीही. उल्हासनगरच्या दुकानाला याहून जवळची तरतूद कुठली असणार!

सगळ्यांत जास्त फसगत ‘नको’ या बटणापाशी होते. संमती विचारणारी पट्टी दिसते, ग्राहक नकार देतो, तरी माहिती पाठवणारे टॅग चालूच. संमतीची मूळ स्थिती ‘नकार’ हवी आणि ती इतर कुठलाही टॅग सुरू होण्याआधी ठरलेली हवी. गूगलच्या ‘कन्सेंट मोड’ या संमती-व्यवस्थेच्या प्रगत प्रकारात नकारानंतरही कुकीविना संदेश जातात. मूलभूत प्रकारात होकार येईपर्यंत टॅग उघडतच नाहीत. छोट्या दुकानाने मूलभूतच निवडावा, असं माझं ठाम मत आहे. सर्व्हरवर मेटासारख्या इतरांच्या टॅगना संमतीची अट वेगळी घालावी लागते, ती आपोआप लागत नाही.

काम करून देणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी खासगी विंडोत साइट उघडा, ‘नको’ दाबा आणि डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क भागात काय बाहेर जातंय ते त्याच्यासमोरच तपासा.