ओटीतली भाजी आणि पानावरची माती

श्रावणात वर्धा, देवळी, हिंगणघाटकडच्या पऱ्हाटीच्या वावरात निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी परतते, तेव्हा तिच्या ओटीत तरोटा, कुंजर नाही तर घोळ असते. मजुरी हातात पडायची तेव्हा पडेल, पण भाजी त्याच रात्री चुलीवर चढते. म्हणून भगिनींनो, त्या पानांवर काय बसते ते आपण पाहिले पाहिजे.

कापसाच्या पट्ट्यात अनेक वर्षे डी.डी.टी. आणि बी.एच.सी. वापरली गेली. डी.डी.टी.चा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बी.एच.सी.वर १९९७ मध्ये बंदी आली, एन्डोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. पण ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मातीच्या बारीक कणांना चिकटून ती वर्षानुवर्षे राहतात.

आपल्याला वाटते, झाड ती मुळांतून पीत असेल. तसे फारसे होत नाही; पाण्यात न विरघळणारी वस्तू मुळांतून वर चढत नाही. (भोपळ्याच्या वर्गातले काही वेल तेवढे अपवाद.) मोठी वाट बाहेरून आहे. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की चिखलाचे शिंतोडे उडतात आणि जमिनीला टेकलेली घोळ, पालक, सांबार माखून निघतात. उन्हाळ्यात तेच काम वावटळीची धूळ करते. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. मातीच्या कणावरचे औषध हळूहळू त्यात मुरते. धुराची काजळीही अशीच बसते, म्हणून वाळवण घातलेल्या अंगणाजवळ टायर किंवा प्लास्टिक जाळू नये. चूल पेटवायला पन्नी घालण्याची सवय तर आजच सोडा.

भाजी खाणे सोडायचे नाही. गरिबाच्या ताटात दुसरे हिरवे काय असते? खालची मातकट पाने आधी काढून टाका. चिरण्यापूर्वीच भाजी परातीत बुडवून खळबळा. पाणी ओतू नका, गाळ पुन्हा पानांवर बसतो. भाजी हाताने उचलून दुसऱ्या पाण्यात घाला. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत तीन-चार पाणी लागतील. पाणी दुरून आणणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे नाही, हे कळते. धुतलेले पाणी परसातल्या झाडाला घालता येईल, पण ते झाड भाजीचे नसावे.

मेणात मुरलेले मात्र धुऊन जात नाही. म्हणून नुकतीच फवारणी झालेल्या वावरातली, धुऱ्यावरचीसुद्धा, भाजी खुडू नका. औषध कोणते आणि कधी मारले, हे मालक बहुधा आपणहून सांगत नाही. निंदणाला वाकण्याआधी विचारून घ्या.