लघवीचा वास: समज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मे हे रत्नागिरीत आंबाकाढणीचे दिवस. झेला घेऊन कलमावर चढलेला गडी, मिरकरवाडा बंदरात मासळी उतरवणारा खलाशी, कॅनिंगच्या कारखान्यात रसाच्या वाफेपुढे उभी असलेली बाई, या सगळ्यांच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. संध्याकाळी लघवी गडद होते आणि तिला उग्र वास येतो. मग कोणी किडनीच्या काळजीत पडतो, कोणी ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा भिजवतो, कोणी थेट मेडिकलमधून गोळ्या आणतो. वास खरा असतो. त्यावरून काढलेला अर्थ मात्र पुष्कळदा चुकतो.

गैरसमज: उग्र वास म्हणजे किडनी बिघडली.

वस्तुस्थिती: लघवीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात युरिया, क्षार आणि शरीराने टाकून दिलेले इतर पदार्थ. पाणी कमी पडलं की किडनी ते राखून ठेवते, लघवी दाट होते आणि वास तीव्र होतो. म्हणजे इथे किडनी आपलं काम चोख करत असते. पाणी प्यायल्यावर काही तासांत रंग फिका पडला आणि वास गेला, तर विषय संपला. (हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हा प्रयोग स्वतःहून करू नये.) किडनीचा आजार सुरुवातीला बहुधा वास देतच नाही. तो कळतो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांवरून.

लसूण, कॉफी, मेथी आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांचाही वास लघवीला येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत जातो. समुद्री मासळीतून तयार होणाऱ्या ट्रायमेथिलअमीन या वासाच्या पदार्थाचं यकृत बिनवासाच्या पदार्थात रूपांतर करतं. हे काम करणारं विकर ज्यांच्यात जन्मतः नीट चालत नाही, अशा मोजक्या लोकांच्याच घामाला आणि लघवीला मासळीचा वास राहतो.

गैरसमज: बाथरूममध्ये झोंबणारा वास येतो, म्हणजे घरात कोणाला तरी आजार आहे.

वस्तुस्थिती: युरियाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. साचलेल्या लघवीतले जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया तयार होतो. एसटी स्टँडच्या मुतारीत नाकाला झोंबतो तो हाच. शिळ्या मुशीला येणारा दर्पही याच जातीचा, कारण हा मासा समुद्राच्या खारेपणाशी तोल राखायला अंगात युरिया साठवून ठेवतो. तेव्हा रात्रभर बांधलेल्या डायपरच्या वासावरून आजोबांचं निदान करू नये. नुकत्याच केलेल्या लघवीला रोज अमोनियाचा वास येत असेल, तर मात्र तपासणी करावी. युरिया फोडणारे प्रोटियससारखे जिवाणू मूत्राशयात ठाण मांडून बसले असतील, तर त्यांच्यामुळे एका प्रकारचे मूतखडेही होतात.

गैरसमज: घाण वास आला की इन्फेक्शन, अँटिबायोटिक घ्यायलाच हवं.

वस्तुस्थिती: जंतुसंसर्गात वास बदलू शकतो, पण नुसता वास हा कच्चा पुरावा आहे. वास असून संसर्ग नसतो आणि संसर्ग असून वास नसतो. पक्की लक्षणं म्हणजे जळजळ, पुन्हा पुन्हा घाई लागणं, ओटीपोटात दुखणं, ताप, थंडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं. अनेक वृद्धांच्या लघवीत जिवाणू असतात, पण त्रास काहीच नसतो. अशांना अँटिबायोटिक दिल्याने फायदा होत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. गर्भवती हा यातला महत्त्वाचा अपवाद. तिच्या लघवीत जिवाणू सापडले, तर लक्षणं नसतानाही उपचार करतात, नाहीतर संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. ‘उन्हाळी लागली’ म्हणून कोकम सरबत आणि बार्लीचं पाणी पिण्यात गैर काही नाही. पण जळजळ दोन दिवसांत थांबली नाही किंवा ताप आला, तर तो दोष उन्हाचा नव्हे.

गैरसमज: लघवीला मुंग्या लागल्या नाहीत, गोड वास नाही; म्हणजे मधुमेह नाही.

वस्तुस्थिती: मुंग्यांची खूण आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. 1776 साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने मधुमेहींची लघवी आटवून तिच्यात साखर असल्याचं दाखवलं. पण साखर साधारणपणे रक्तात 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच लघवीत उतरते. मुंग्यांची वाट पाहणाऱ्याचा मधुमेह तोवर जुना झालेला असतो. शिवाय साखरेला वास नसतो. पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो तो कीटोनचा. उपास केल्यावर तो थोडाफार येऊ शकतो. मधुमेहीला असा वास येऊन सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.

उलट प्रकारही घडतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. त्या घेणाऱ्याच्या लघवीला साखर आटोक्यात असतानाही मुंग्या लागू शकतात. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. मात्र या गोळ्यांवर असताना रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोनचा धोका संभवतो, हे लक्षात ठेवावं.

गैरसमज: बाळाच्या शूला मेथीचा वास येतो, कारण बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले.

वस्तुस्थिती: पुष्कळदा हे खरंच असतं, आणि म्हणूनच इथे फसगत होते. मेथीला तिचा खास वास देणारा सोटोलोन हा पदार्थ आईने खाल्लेल्या मेथीतून बाळापर्यंत पोचतो. पण ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ या दुर्मीळ आनुवंशिक आजारातही लघवीला जळक्या साखरेसारखा, मेथीसारखा वास येतो, तो याच सोटोलोनमुळे. या आजारात प्रथिनांमधली तीन अमिनो आम्लं शरीराला पचवता येत नाहीत आणि ती मेंदूला विषासारखी बाधतात. 1954 साली अमेरिकेत एकाच कुटुंबातल्या बाळांमध्ये तो प्रथम नोंदला गेला. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत अशा आजारांचा धोका जास्त असतो.

मग फरक कसा ओळखायचा? बाळाकडे पाहून. दूध नीट ओढतंय, वजन वाढतंय, रडणं खणखणीत आहे, तर दोष लाडवांचा. पहिल्या काही दिवसांत बाळ पिणं सोडतंय, मलूल पडतंय, अंग ताठ करतंय किंवा त्याला झटके येताहेत, तर लाडवांवर विसंबून राहू नये. रक्ताच्या तपासणीने निदान होतं आणि वेळेत सुरू केलेला आहार मेंदू वाचवतो.

नॉर्वेत दोन मतिमंद मुलांच्या आईने मुलांच्या लघवीच्या विचित्र वासाची तक्रार डॉक्टरांपाशी लावून धरली होती. 1934 साली आस्ब्योर्न फॉलिंग यांनी ती लघवी तपासली आणि फिनाइलकीटोन्युरिया हा आजार जगाला कळला. आज अशा आजारांसाठी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करता येते. प्रसूतीच्या रुग्णालयात तिची चौकशी जरूर करावी.

गैरसमज: वास नाही, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती: सर्वांत महागात पडणारा समज हाच. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं, आणि त्याला वेगळा वास नसतो. भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिस डोकं वर काढतो. उंदरांच्या लघवीतले जंतू चिखलपाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात, आणि त्या पाण्याला कसलाच वास येत नाही. शेतात उतरल्यानंतर ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, पिवळी किंवा कमी लघवी यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावं आणि शेतात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. लघवीतून बुडबुडे येऊन शौचासारखा वास येत असेल, तर आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट झाल्याची शंका घेतात. तिथेही दिरंगाई नको.

तपासणीला नमुना देताना आधी जागा धुवावी, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. राजापूर किंवा मंडणगडच्या आडगावातून एवढ्या वेळात पोचणं जमत नसेल, तर नमुना लॅबमध्येच द्यावा. उन्हात एसटीने आलेल्या डबीत जिवाणू वाढतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. अँटिबायोटिक घ्यायचं असेल, तर कल्चरचा नमुना आधी द्यावा आणि गोळी नंतर घ्यावी.