सांगितले खरे, पण पोहोचले का?

पावसाळ्याच्या दिवसांत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचे कामगार जमू लागले, की कामाच्या आधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘‘आयर्विनला किती झालं?’’ उत्तर येते, ‘‘अडतीस.’’ या एका शब्दात सांगलीवाडीहून येणाऱ्या माणसाला संध्याकाळी परतायचे कसे आणि घरातले सामान कधी हलवायचे, याचा अंदाज येतो. त्याच दिवशी कोयना धरणातून किती हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, हेही जाहीर झालेले असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. ही माहिती अचूक असते. मात्र त्यावरून आपल्या गल्लीत पाणी कधी शिरेल, हे सामान्य माणसाला ठरवता येत नाही.

बोलणे आणि पोहोचवणे यांतील हे अंतर हाच संज्ञापनशास्त्राचा मुख्य विषय आहे. व्यासपीठावरील भाषण असो, मुलाखत असो की कारखान्यातील सूचना असो, प्रत्येक सादरीकरणाची कसोटी येथेच लागते.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाची एक आकृती मांडली. संदेश देणारा, त्याचे संकेतांत रूपांतर करणारे साधन, मार्ग, संकेत उलगडणारे साधन आणि संदेश घेणारा, असे तिचे टप्पे आहेत. मार्गात येणाऱ्या व्यत्ययालाही त्यांनी आकृतीत स्थान दिले. शॅनन यांच्यासमोर दूरध्वनीच्या तारा होत्या. मात्र पुढे ही आकृती माणसांच्या संवादालाही लावली गेली. यंत्रांच्या खडखडाटात पर्यवेक्षकाने दिलेली सूचना अर्धवट ऐकू येते, तो उघड व्यत्यय होय. अपरिचित शब्द, ऐकणाऱ्याची घाई आणि मनातील भीती हे छुपे व्यत्यय आहेत.

१९५४ मध्ये विल्बर श्रॅम यांनी या विचारात महत्त्वाची भर घातली. बोलणारा आणि ऐकणारा यांची अनुभवक्षेत्रे जेवढी एकमेकांत मिसळतात तेवढाच अर्थ पोहोचतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल सांगलीकरांच्या नित्य अनुभवातला आहे. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, हे येथे शाळकरी मुलेही सांगतात. क्युसेक मात्र या अनुभवक्षेत्राच्या बाहेर राहतो.

अनुभव वाट अडवतो तेव्हा

तथापि, अनुभव नेहमी मदतच करतो असे नाही. २००५ च्या महापुरात पाणी कोठवर आले होते, याच्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर होत्या आणि त्याहून ठळकपणे त्या लोकांच्या मनात होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढणार असल्याचा इशारा मिळाला तेव्हा अनेकांनी तो याच खुणेच्या मापाने समजून घेतला. सामान खुणेच्या वर ठेवले गेले आणि माणसे घरातच थांबली. पाण्याने मात्र २००५ ची पातळी ओलांडली आणि आयर्विनजवळ ते ५७ फुटांपर्यंत चढले.

इशारा ऐकू आला होता, शब्दही समजले होते, तरी अर्थ जुन्या मापात बसवला गेला. म्हणून श्रोत्याच्या मनात आधीच कोणती पट्टी आहे, हे वक्त्याने ओळखले पाहिजे. ती पट्टी अपुरी पडणार असेल, तर ‘मागच्या खुणेच्या वर पाणी येऊ शकते, आज अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडा’ असे स्पष्ट सांगावे लागते. ‘सतर्क राहा’ एवढ्याने नेमके काय करायचे, ते कळत नाही.

कोण सांगतो, यालाही महत्त्व

वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितली. त्यांपैकी पहिल्या साधनाचे उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरले आणि पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते झाले. शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीत ते बोलत. ज्यांच्यासमोर बोलत त्यांच्यासारखेच जगत असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. अस्खलित इंग्रजी किंवा उंची पोशाख म्हणजे प्रभावी सादरीकरण, असे मानणाऱ्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे.

सादरीकरण करताना

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. नंतरच्या संशोधनाने ती चारच्या जवळ आणली. पडद्यावर एकाच वेळी बारा मुद्दे दाखविणारा वक्ता स्वतःच व्यत्यय निर्माण करतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणे तर टाळावेच, कारण वक्त्याचे बोलून होण्याआधी श्रोत्याचे वाचून झालेले असते.

तयारीला बसताना पडदा बाजूला ठेवून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. ऐकणारे कोण आहेत? त्यांना आधी काय ठाऊक आहे? ऐकून झाल्यावर त्यांनी नेमके काय करावे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर विषय आपल्यालाच स्पष्ट झालेला नाही, असे समजावे. ते एक वाक्य आरंभी सांगावे आणि शेवटी पुन्हा सांगावे. मधल्या वेळात श्रोत्यांच्या परिचयातील एखादे उदाहरण आणि मोजकेच आकडे पुरेसे होतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो प्रतिसाद. नियंत्रण कक्षाची सूचना वैमानिक स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतो आणि ती बरोबर आहे की नाही, हे कक्षाकडून तपासले जाते. कारखान्यातही ‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुधा ‘हो’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘आता तू काय करणार, ते सांग’ असे विचारले, तर चूक यंत्र सुरू होण्यापूर्वीच उघड होते. कामगाराचा हात वाचवायला ही अर्ध्या मिनिटाची विचारणाही पुरेशी ठरू शकते.