बॉक्सर श्वान : पूर्वपीठिका आणि स्वभाव

बॉक्सर ही श्वानजाती मूळची जर्मनीतील. तिचा पूर्वज ‘बुलनबाइसर’. या नावाचा अर्थच मुळी बैलास चावणारा असा आहे. उमरावांच्या शिकारीत रानडुकरास गाठावयाचे आणि शिकारी येऊन पोहोचेपर्यंत दाबून धरावयाचे, हे त्याचे काम. खालचा जबडा पुढे व नाक मागे, या मुखरचनेमुळे पकड न सोडता त्यास श्वास घेता येई, असे परंपरेने सांगितले जाते. शिकारीचे ते वैभव सरल्यावर हा श्वान खाटकांच्या आणि गुरांच्या व्यापाऱ्यांच्या आश्रयास गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश बुलडॉगशी त्याचा संकर करण्यात आला. वंशावळीच्या नोंदवहीतील पहिला बॉक्सर ‘फ्लोकी’ याचा पिता ‘टॉम’ नावाचा बुलडॉगच होता. १८९५ साली म्यूनिखच्या प्रदर्शनात ही जाती लोकांपुढे मांडली गेली. पुढे पहिल्या महायुद्धात तिने निरोप्याचे व पहारेकऱ्याचे काम केले.

स्वभावाने बॉक्सर खेळकर. तो प्रौढही उशिरा होतो. घरच्या माणसांवर, विशेषतः मुलांवर, त्याचा फार जीव. परक्याविषयी मात्र तो सावध असतो. चेहरा उग्र असला तरी त्यावरून स्वभावाची परीक्षा करू नये.

अभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. मोजक्या पूर्वजांपासून, जवळच्या नात्यात पैदास करून, हे रूप स्थिर करण्यात आले. २००५ साली श्वानाचा जो संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, तो ‘ताशा’ नावाच्या बॉक्सर मादीचा. तिचीच निवड होण्याचे कारण तिच्या जनुकसंचातील एकसारखेपणा. त्यामुळे क्रम जुळविणे सुकर झाले. संशोधनास उपकारक ठरलेला हाच एकसारखेपणा जातीस मात्र महाग पडतो. हृदयाच्या स्नायूंचा एक आनुवंशिक विकार बॉक्सरमध्ये विशेष आढळतो. त्यात ठोके अनियमित होतात, श्वान एकाएकी मूर्च्छित पडतो, आणि कधी मरतोही. पांढऱ्या ठिपक्यांचे जनुक मातापित्यांकडे एकेक असले, तर सरासरी चारांत एक पिलू जवळजवळ पांढरे निपजते. अंतःकर्णात रंजकपेशींचा अभाव असल्यास ते बहिरेही होते.

ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ ब्रूस कॅटानाक यांनी १९९० नंतरच्या दशकात बॉक्सरचा कॉर्गीशी संकर केला. शेपूट छाटण्याची प्रथा अनावश्यक व्हावी, म्हणून जन्मजात आखूड शेपटीचे जनुक बॉक्सरमध्ये आणण्याचा त्यांचा हेतू होता. पुन्हा बॉक्सरशीच पैदास करीत गेल्यावर चारच पिढ्यांत कॉर्गीचे रूप जवळजवळ लोपले. आखूड शेपूट तेवढी राहिली.