कुत्रं रडतं, तेव्हा काय सांगतं?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब उरकला की गावातल्या गोष्टी निघतात. त्यात एक वाक्य हमखास येतं, "रात्रभर कुत्रं रडत होतं गं, आता कुणाचं काय होतंय कोण जाणे!" घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतील, तर हे ऐकून त्या धास्तावतात. कुत्र्याला मात्र दगड बसतो. म्हणून आज या रडण्याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

कुत्रं लांडग्याच्या कुळातलं. आपल्या पुणे जिल्ह्याच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत. कळप पांगला की ते तोंड वर करून लांब हेल काढतात. "मी इथं आहे, तुम्ही कुठं?" असं ते एकमेकांना विचारतात. भुंकणं तुटक असतं, हेल लांबलचक असतो आणि दूरवर पोचतो. कुत्र्याने ही सवय सोडलेली नाही. नगर रस्त्यावरून रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली की शिक्रापूरपासून आपल्या तळेगावापर्यंत कुत्री सूर धरतात, ते यामुळेच. त्या भोंग्याला ती आपल्या परीने साद देतात.

घरचं कुत्रं एकटेपणानेही रडतं. सगळे लग्नाला गेले आणि ते साखळीला राहिलं, किंवा कुत्रीची पिल्लं उचलून नेली, की ते हाका मारतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, जखमेत किडे पडतात, तेव्हाही ते विव्हळतं. रात्री सगळीकडे शांत असतं, म्हणून तो आवाज जास्त भेसूर वाटतो.

मग मरणाशी त्याचा संबंध कसा जोडला गेला? कुत्री वर्षभर रडतात. ज्या रात्रीनंतर कुणी गेलं, तेवढी रात्र आपल्या लक्षात राहते. बाकीच्या रात्री आपण विसरतो. शिवाय आजारपणाच्या घरात रात्रभर दिवा जळतो, माणसांची ये-जा असते, कुत्र्याची भाकरी चुकते, रोजची हाक येत नाही. ते बेचैन होणारच. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात, जेजुरीच्या खंडोबाजवळही कुत्रं असतं. तिथे आपण हात जोडतो आणि दारातल्या कुत्र्याला अपशकुनी म्हणतो!

अपशकुन म्हणून सोडून दिलं, की खरा इशारा हातचा जातो. असे दोन इशारे तरी ओळखाच.

पहिला बिबट्याचा. आपला शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. उसात बिबट्या असतो आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य. वस्तीवरची कुत्री एकदम जोरात भुंकू लागली, शेपूट घालून दाराशी आली, तर अंधारात पाहायला एकटीने जाऊ नका. कुत्रं, शेरडं बंदिस्त जागेत ठेवा. बिबट्या दिसला तर वनविभागाला 1926 वर कळवा.

दुसरा पिसाळल्याचा. आवाज घोगरा, बदललेला, तोंडातून लाळ, जबडा लोंबतो, उगाच चावायला धावतं, अशा कुत्र्यापासून मुलांना लांब ठेवा. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पुरे करा. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर इलाज नाही.

तेव्हा कुत्रं रडलं तर आधी पाणी, भाकरी, साखळी, जखम बघा. दुखणं वाटलं तर जनावरांच्या दवाखान्यासाठी 1962 हा मोफत क्रमांक आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या, पुढे दरवर्षी. ती तारीख गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी बैठकीतच आठवण होईल.