बिदरी गुडगुडी आणि तिचे वारस
(लेखमाला : सीमाभागातील घरगुती वस्तू)

बिदरी गुडगुडी म्हणजे हुक्क्याचे खालचे, पाण्याचे भांडे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत ओतलेले, चांदीच्या नक्षीने मढवलेले, काळेकुळकुळीत. त्यावर नैचा, नैच्यावर चिलीम, बाजूला नळी आणि नळीच्या टोकाला मोहनाळ. चिलमीतला धूर पाण्यातून बुडबुडत येतो आणि थंड होतो. पाण्याने धूर निरुपद्रवी होतो हा समज मात्र चुकीचा आहे.

दख्खनेत तंबाखू पोर्तुगीजांमार्फत आली. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा १६०४ च्या सुमारास त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची जडावाची नळी बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने नापसंती दाखवली, आणि तरीही दरबारात शौक पसरला. बिदरी कलेचे मूळ परंपरा बहामनी काळात सांगते. पण आज हाती असलेल्या जुन्या वस्तू १७ व्या शतकापासूनच्या आहेत आणि त्यांत हुक्क्याची भांडी ठळकपणे दिसतात. तंबाखूच नसती, तर या कलेला एवढे गिऱ्हाईक मिळते ना, असे म्हणायला जागा आहे.

आरंभीची भांडी नारळासारखी गोल असत आणि चुंबळीसारख्या कड्यावर टेकवावी लागत. १८ व्या शतकाच्या मध्यापासून सपाट बुडाचा, घंटेसारखा घाट रूढ झाला. तो स्वतःच्या बुडावर उभा राहतो, म्हणून कड्याची गरज संपली.

घडण अशी. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे. जस्त सुमारे ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे छोट्या भट्टीतही ओतकाम होते. साचा एरंडेल आणि राळ कालवलेल्या वाळूचा. ओतीव वस्तू कानशीने घासून साफ केली, की तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि त्यावर काढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग कलमाने खाच पाडून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात, ती तारकशी. चांदीचा पत्रा कापून बसवला तर तहनिशान. शेवटच्या कामाला बिदरच्या किल्ल्यातील माती लागते. ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या भागातून ती आणतात. माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात तापवलेली वस्तू बुडवली की मिश्रधातू कायमचा काळा पडतो आणि चांदी जशीच्या तशी राहते. या काळेपणाला जस्तातले थोडे तांबे आवश्यक असते. नुसत्या जस्तावर हा रंग येत नाही. माती मात्र कारागीर चव घेऊन पारखतात, आणि ही पारख कोणत्याही पाककृतीत लिहून ठेवता येण्यासारखी नाही.

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात बिदरी वस्तू होत्या. तोवर युरोपीय गिऱ्हाईक आले होते. पुढे विसाव्या शतकात विडी-सिगारेट आली आणि हुक्का मागे पडला. सिगारेट खिशात मावते. तिला पाण्याचे भांडे लागत नाही, राख झाडायला जागा लागते. म्हणून त्याच हातांनी ॲश-ट्रे, सिगारेटच्या डब्या आणि काडेपेटीची आवरणे घडवली. बिदर ज्यात होते ते हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात सामील झाले. १९५६ च्या पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बिदर शहर म्हैसूर राज्यात. भालकी, औराद, बसवकल्याणकडे मराठी तशीच बोलली जात राहिली. बिदरी मालाची मोठी बाजारपेठ मात्र हैदराबादच राहिली.

विसाव्या शतकातच ॲश-ट्रेला प्लॅस्टिकचा पर्याय मिळाला. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही, म्हणून जळत्या थोटकाखाली ते टिकते. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते. ते सिगारेटच्या डबीला चालते, राखेला नाही. मुख्य फरक किमतीचा. साच्यातून यंत्राने निघणाऱ्या वस्तूशी तारकशीच्या वस्तूने स्पर्धा करणे शक्यच नव्हते, आणि बिदरीने ती केलीही नाही. बिदरी ॲश-ट्रे वापरण्यापेक्षा भेट देण्याची आणि शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू झाला.

२ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केलीच, शिवाय तिथे ॲश-ट्रे ठेवायलाही मनाई केली. बिदरी कामाची मागणी आता फुलदाण्या, तबके, दागिने आणि सन्मानचिन्हांकडे आहे. २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली.

घरात जुना बिदरी ॲश-ट्रे किंवा गुडगुडी असेल, तर ती चिंच-लिंबाने घासू नये. आम्लाने जस्त आणि काळा थर दोन्ही खराब होतात. मऊ फडक्याने धूळ पुसून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला, की काळा रंग उठून दिसतो.